कम्युनिटी कॉलेजातलं गणित-विज्ञान आणि तिथली मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) आहेत आणि बे एरियातल्या मराठी घरांमधून तिथे जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्याची जोडीदार म्हणून, आलेली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा वही उघडणारी ताई असते, हायस्कूलमध्ये असतानाच कॅल्क्युलस उरकायला निघालेला मुलगा असतो, पुण्या-नाशिकहून थेट एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेली मुलगीही असते. मी अशाच एका कॉलेजच्या गणित-विज्ञान ट्यूटरिंग सेंटरमध्ये काम करते. सेंटरमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, पटेल ब्रदर्सच्या रांगेतसुद्धा जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. नियम बरेचसे राज्यभर सारखे असले तरी तारखा आणि वेळा कॉलेजगणिक बदलतात. त्या आपापल्या कॉलेजच्या साइटवर बघून घ्या.

ट्यूटरिंग खरंच फुकट असतं का? मग ते चांगलं कसं असेल?

खरंच फुकट असतं. तुम्ही त्या कॉलेजात एका जरी वर्गाला नाव घातलं असेल तर गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचं ट्यूटरिंग बहुतेक ठिकाणी एक डॉलरही न देता मिळतं. बऱ्याच कॉलेजांत त्यासाठी 'सुपरवाइझ्ड ट्यूटरिंग' नावाच्या शून्य फीच्या, नॉनक्रेडिट वर्गात नाव नोंदवायला लावतात. त्याने घाबरू नका. जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, त्याचा हात लागत नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना नोंद करायला सांगतात त्यामागचं कारण साधं आहे : विद्यार्थी तिथे किती तास बसले यावर राज्याकडून कॉलेजला पैसे मिळतात. जाताना नोंद करायला विसरलात तर पुढच्या सेमिस्टरला त्याच सेंटरच्या वेळा कमी होऊ शकतात.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपल्याकडे दहावी-बारावीला क्लासची फी हजारांत आणि लाखांत भरायची सवय आहे. जितकी फी जास्त तितका क्लास नामांकित, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे कोपऱ्यातली ती खोली, तिथली गोल टेबलं आणि टी-शर्टातली पोरं बघून आपली माणसं उंबऱ्यावरूनच परततात. मग घरी येऊन तासाला ऐंशी डॉलर घेणारा खाजगी ट्यूटर शोधतात. हा खर्च बऱ्याचदा अनावश्यक असतो. सेंटरमधल्या ट्यूटरने अनेकदा तोच कोर्स, त्याच कॉलेजात, कधी कधी त्याच प्राध्यापकांकडे केलेला असतो आणि चांगली ग्रेड मिळवलेली असते. परीक्षेत काय येतं आणि मार्क कुठे कापले जातात हे त्याला बाहेरच्या माणसापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मला बारावीला गणितात नव्वदच्या वर होते. मला मदतीची गरज काय?

कदाचित नसेलही. पण आपल्या बोर्डातून आलेले हुशार विद्यार्थी पहिल्या मिडटर्मला कुठे अडखळतात ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

पहिली अडचण लिहिण्याच्या पद्धतीची. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात नुसतं 'लॉग' लिहिलं की पाया 'ई' धरायचा असतो. इथल्या कॅल्क्युलसमध्ये त्याला 'एल-एन' लिहितात आणि नुसत्या 'लॉग'चा पाया बहुधा १० असतो. आपल्या सवयीने उत्तर लिहिलं तर गणित बरोबर असूनही चूक धरलं जातं. 'कोसेक' इथे 'सी-एस-सी' होतं. ही सवय बदलायला दोन आठवडे पुरतात, पण पहिली क्विझ त्याआधीच होऊन जाते.

दुसरी अडचण मोठी आहे. आपल्याकडे इंटिग्रेशनच्या शंभर युक्त्या पाठ करून घेतात आणि त्यात आपली मुलं इथल्या मुलांना सहज मागे टाकतात. इथल्या पेपरात मात्र एक आलेख काढलेला असतो, त्याचं सूत्र दिलेलं नसतं आणि विचारतात, "डेरिव्हेटिव्ह कुठे ऋण आहे? कारण एका वाक्यात लिहा." त्या एका वाक्याला दोन-तीन मार्क असतात. सूत्राची वाट बघत बसलेल्या मुलाचे ते जातात.

केमिस्ट्रीत दुखणं वेगळं. आपण त्रैराशिकाने उत्तर काढतो. इथे एकके खोडत जाणारी साखळी मांडून दाखवावी लागते. सार्थ अंकांचंही तसंच. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेषा असतात, त्यामुळे वाचन ०.०१ पर्यंत अंदाजाने घ्यायचं असतं. द्रव बरोबर रेषेवर असला तरी २३.५ न लिहिता २३.५० लिहायचं. त्या शून्यापायी लॅब रिपोर्टात मार्क गेलेली मुलं आठवड्यातून एकदा तरी चिडून सेंटरमध्ये येतात.

तिथे गेल्यावर नक्की होतं काय? गणित सोडवून देतात का?

सोडवून देत नाहीत, आणि सुरुवातीला याचाच राग येतो. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दहा फुटांची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय सेकंदाला एक फूट या वेगाने भिंतीपासून लांब सरकतोय. पाय भिंतीपासून सहा फुटांवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय?

विद्यार्थी पायथागोरस मांडतो, लगेच अंतराच्या जागी सहा घालतो, उंची आठ काढतो आणि मग डेरिव्हेटिव्ह घेतो. सगळे स्थिर आकडे, त्यामुळे उत्तर शून्य. चिडून विचारतो, "पुस्तकाचं उत्तर चुकलंय का?" चांगला ट्यूटर इथे पेन हातात घेत नाही. तो विचारतो, "या चित्रात काय हलतंय आणि काय हलत नाही?" शिडीची लांबी हलत नाही. अंतर हलतंय, उंची हलतेय. "मग हलणाऱ्या गोष्टीच्या जागी तू आकडा कधी घातलास?" इथे मुलगा थोडा वेळ गप्प बसतो. आधी डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, आकडे नंतर. उत्तर येतं : सेकंदाला पाऊण फूट, खालच्या दिशेने. सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ट्यूटरने स्वतः सोडवून दाखवलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं आणि पुढचं, शंकूच्या टाकीतल्या पाण्याचं गणित पुन्हा तिथेच अडलं असतं.

बहुतेक सेंटरमध्ये 'ड्रॉप-इन' पद्धत असते, म्हणजे अपॉइंटमेंट लागत नाही. टेबलावर बसायचं, आपलं काम सुरू करायचं, अडलं की हात वर करायचा. ट्यूटर येतो, थोडा वेळ बसतो, दुसऱ्या टेबलाकडे जातो, परत येतो. तासभर एकट्यालाच शिकवेल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या-एक तासाची वेगळी अपॉइंटमेंटही मिळते, तिचा आठवड्याला किती वेळा लाभ घ्यायचा याला मर्यादा असते.

जाताना कोरी वही नेऊ नका. जिथपर्यंत आलात ते लिहिलेलं न्या, चुकलेलं असलं तरी न्या. "मला काहीच येत नाही" या वाक्यावर कुणालाच फारशी मदत करता येत नाही.

कधीपासून जावं?

दुसऱ्या आठवड्यापासून. पहिल्या आठवड्यात सेंटर रिकामं असतं, मिडटर्मच्या आदल्या दिवशी बसायला खुर्ची मिळत नाही. मंगळवारी-बुधवारी दुपारी गर्दी जास्त, शुक्रवारी जवळजवळ नसतेच. शुक्रवारी तोच ट्यूटर तुमच्याशेजारी अर्धा तास बसू शकतो.

एसआय, एम्बेडेड ट्यूटर, वर्कशॉप, ऑफिस अवर्स हे सगळं वेगळं आहे का?

हो, आणि यातलं सर्वांत दुर्लक्षित म्हणजे ऑफिस अवर्स. प्राध्यापकांच्या ठरलेल्या वेळा असतात, दार उघडं असतं आणि आपली मुलं जात नाहीत. "सरांना कशाला त्रास द्यायचा" हा आपला संस्कार. इथे त्या वेळेचे त्यांना पैसे मिळतात आणि कुणी आलं नाही तर ते एकटेच बसून असतात. पुढे ट्रान्सफरसाठी (इथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी) किंवा स्कॉलरशिपसाठी शिफारसपत्र लागलं तर चाळीस जणांच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या कुणाबद्दल ते काय लिहिणार?

एसआय म्हणजे सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन. १९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी आवारात डीएना मार्टिन यांनी ही पद्धत सुरू केली. त्यामागचा विचार मला फार पटतो. 'कच्चे विद्यार्थी' शोधायचे नाहीत, 'अवघड कोर्स' शोधायचे. ज्या वर्गात नेहमीच बरेच जण नापास होतात किंवा सोडून जातात, त्या अख्ख्या वर्गाला मदत देऊ करायची. आधी तो कोर्स चांगल्या रीतीने पार केलेला एक विद्यार्थी पुन्हा सगळ्या लेक्चरना बसतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा वर्गाबाहेर सत्र घेतो. कुणाच्या कपाळावर 'ढ' असा शिक्का बसत नाही. एम्बेडेड ट्यूटर हा वर्ग चालू असतानाच आत फिरत असतो, एवढा फरक.

वर्कशॉप आणि अभ्यासगट हा प्रकार आपल्या लोकांनी मनावर घ्यायला हवा. सत्तरच्या दशकात बर्कलीला युरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत भरपूर करत होते, पण एकेकटे. चिनी-अमेरिकन विद्यार्थी आधी आपापलं सोडवत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत, एकमेकांच्या चुका काढत. कमतरता हुशारीची किंवा कष्टांची नव्हती. त्यावरून ट्रीझमन यांनी गटात अवघड गणितं सोडवण्याची वर्कशॉप सुरू केली आणि निकाल बदलले. आजच्या बऱ्याच अमेरिकी कॉलेजांतल्या गणिताच्या वर्कशॉपची मुळं तिथे सापडतात. आपल्या घरांत "खोलीचं दार लावून अभ्यास कर" हे प्रेमाने सांगितलं जातं. तेवढं एक सांगणं कमी करून बघा.

मी कॉलेज सोडून पंधरा वर्षं झाली. प्लेसमेंट टेस्ट कुठे देऊ?

देऊ नका, कारण ती आता नाही. पूर्वी परीक्षा घेत आणि हजारो विद्यार्थ्यांना बेसिक बीजगणितात टाकत. तिथून दोन-तीन कोर्सची शिडी चढता चढता बरेच जण गळून जात. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने हे बदललं : विद्यार्थी एका वर्षात ट्रान्सफरच्या दर्जाचं गणित पुरं करू शकेल याची शक्यता जास्तीत जास्त व्हायला हवी, आणि त्याला कुठे बसवायचं ते हायस्कूलच्या ग्रेडवरून ठरवायचं. ज्यांच्याकडे अमेरिकन हायस्कूलचे कागद नाहीत त्यांना काही प्रश्न विचारून, मार्गदर्शन देऊन स्वतःची जागा ठरवायला सांगतात. २०२२ च्या एबी १७०५ ने हे आणखी पुढे नेलं. २०२५ च्या फॉलपासून इंजिनिअरिंग-विज्ञानाकडे जाणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना सरळ पहिल्या कॅल्क्युलसला बसवतात, सोबत आधाराला एक-दोन युनिटांचा जोडवर्ग असतो (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा याचं माप). प्रीकॅल्क्युलस कुठे आणि कुणासाठी उरलंय हे कॉलेजगणिक वेगळं आहे, काउन्सेलरला विचारा.

या कायद्याबद्दल शिक्षकांत दोन तट आहेत. माझं मत मिश्र आहे. सतरा वर्षांच्या मुलाला वर्षभर जुनं बीजगणित घोटायला लावण्यापेक्षा हे बरं. पण ज्या ताईने शेवटचं समीकरण लग्नाआधी सोडवलंय तिला थेट कॅल्क्युलसमध्ये टाकणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. तिने दोन गोष्टी कराव्यात. जोडवर्ग सक्तीचा नसला तरी घ्यावा. आणि सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या महिन्यात अपूर्णांक, घातांक, अवयव पाडणं आणि त्रिकोणमिती एवढंच पक्कं करावं. सेंटरमध्ये कॅल्क्युलस म्हणून येणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक मला बीजगणिताच्या दिसतात. काही कॉलेजांत उन्हाळ्यात यासाठी छोटी 'ब्रिज' शिबिरं असतात, नॉनक्रेडिट वर्ग असतात. नॉनक्रेडिटला फी नसते.

मला नर्सिंगला जायचंय. कॅल्क्युलस लागेल का?

नाही. बहुतेक नर्सिंग कार्यक्रमांना स्टॅटिस्टिक्स पुरतं. तुमचा खरा डोंगर म्हणजे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी, कारण प्रवेशासाठी याच विषयांच्या ग्रेड बघतात. इथे ट्यूटरपेक्षा 'ओपन लॅब' जास्त उपयोगी पडते. हाडं, मॉडेल, स्लाइड बाहेर मांडलेल्या असतात, ठरलेल्या वेळेत कुणीही जाऊन हाताळावं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलाटेबलावर टाचणी टोचलेली असते, दीड-दोन मिनिटांत नाव स्पेलिंगसकट लिहायचं असतं. फोनवरचे फोटो बघून केलेला अभ्यास तिथे उताणा पडतो, कारण मॉडेल उलटं धरलं की फोटोतलं काही ओळखू येत नाही. लॅब चुकवू नका. लेक्चर बुडलं तर भरून काढता येतं, लॅब सहसा पुन्हा घेत नाहीत.

मेसा म्हणजे काय? आम्हाला मिळेल का?

मॅथेमॅटिक्स, इंजिनिअरिंग, सायन्स, अचीव्हमेंट. १९७० मध्ये ओकलंडच्या एका सरकारी हायस्कूलमधून सुरू झालेला हा कार्यक्रम आज राज्यातल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत आहे. अभ्यासाची स्वतंत्र खोली, स्वतःचे ट्यूटर, ट्रान्सफरचं मार्गदर्शन, उद्योगांना भेटी असं सगळं मिळतं. कॅल्क्युलस लागणाऱ्या शाखेत चार वर्षांच्या पदवीकडे जाणारे, कमी उत्पन्नाच्या घरातले आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे विद्यार्थी हा त्याचा मुख्य वर्ग. सॉफ्टवेअरमध्ये दोन पगार असलेल्या घरातलं मूल बहुधा बसणार नाही आणि त्यात अन्याय काही नाही. रेस्टॉरंटमध्ये किंवा दुकानात काम करणारं आपलं कुटुंब असेल, आई-वडील बारावीपर्यंतच शिकलेले असतील, तर मात्र लाजू नका, अर्ज करा. ईओपीएस हा १९६९ पासूनचा दुसरा कार्यक्रम, त्यालाही उत्पन्नाची अट आहे, पुस्तकांचा खर्च आणि स्वतंत्र काउन्सेलर मिळतो.

फी किती? एच-४ वर असताना कमी फी लागते का?

राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीत युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर पद्धतीत ३१. म्हणजे पाच युनिटांचं कॅल्क्युलस सेमिस्टरच्या कॉलेजात २३० डॉलरला पडतं, वर किरकोळ शुल्कं. कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांनी दाखवता आला तर एच-४ वाल्यांनाही रहिवासी धरतात. एफ-१ वाल्यांना धरत नाहीत, त्यांची फी कित्येक पट असते. ट्यूटरिंग मात्र दोघांनाही सारखंच.

इंग्रजीत प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

त्या खोलीत इंग्रजी ही अनेकांची दुसरी-तिसरी भाषा असते. व्हिएतनामी, चिनी, स्पॅनिश, फारसी बोलणारे ट्यूटर आणि विद्यार्थी एकाच टेबलावर असतात. "मी इथपर्यंत आले, ही ओळ कळली नाही" एवढं म्हणून बोट ठेवलं तरी काम भागतं. शब्दांची गणितं कळत नसतील तर ती गणिताचीच अडचण समजून न्या. 'ॲट मोस्ट', 'ॲट लीस्ट', 'पर', 'लेस दॅन' या शब्दांवर अमेरिकेत जन्मलेली मुलंही घसरतात. आमच्याकडे काही जण प्रश्न आधी मराठीत मांडून बघतात, मग विचारतात. सेंटरमध्ये एखादा मराठी-हिंदी बोलणारा ट्यूटर असतोच असं नाही, पण विचारून बघायला हरकत नाही.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, ड्युअल एनरोलमेंटमध्ये (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा वर्ग) कॅल्क्युलस घेतलंय. त्याचे मार्क आम्हाला कसे कळतील?

तो सांगेल तेव्हा. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजच्या वर्गापुरता हक्क विद्यार्थ्याचा असतो, वय कितीही असो. प्राध्यापकांना ईमेल केलीत तर ते नम्रपणे नकार देतील. बाबांनी सेंटरमध्ये येऊन "याला जरा बघा" म्हणणंही चालत नाही. मुलाने स्वतः यायचं, स्वतः विचारायचं.

घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही ग्रेड कायमची आहे. पुढे यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) अर्ज करताना ती दाखवावी लागते. "फुकट आहे, बघू करून" म्हणून उन्हाळ्यात सहा आठवड्यांचं कॅल्क्युलस घेणारी मुलं दर वर्षी दिसतात. सहा आठवड्यांत सेमिस्टरभराचा अभ्यासक्रम म्हणजे एका दिवसात जवळपास तीन दिवसांचं शिकायचं. त्यातच आजोळी जायची तिकिटं काढलेली असतात. हे करू नका.

डी अँझाला जावं की ओलोनीला? क्वार्टर की सेमिस्टर?

डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरवर चालतात, बारा आठवड्यांत टर्म संपते. ओलोनी, मिशन वगैरे सेमिस्टरवर. क्वार्टरमध्ये पहिली परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येते, आजारी पडायला सवड नसते. ज्यांची शिकण्याची सवय तुटली आहे त्यांना मी सेमिस्टर सुचवते. ज्यांना एका वेळी दोनच विषयांवर लक्ष ठेवायला आवडतं त्यांना क्वार्टर मानवतो.

मुलीला एडीएचडी आहे. हायस्कूलमध्ये जादा वेळ मिळायचा. इथे?

इथेही मिळतो, पण आपोआप नाही. शाळेने अशा मुलांसाठी आखलेली आयईपी किंवा ५०४ योजना कॉलेजात तशीच चालू राहत नाही. तिने स्वतः डीएसपीएस (अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांच्या मदतीच्या) कार्यालयात जाऊन कागद द्यायचे असतात. परीक्षेला जादा वेळ, शांत खोली, नोट्सची मदत अशा सोयी ठरतात आणि दर टर्मला प्राध्यापकांना पत्र जातं. ट्रान्सक्रिप्टवर याचा उल्लेख येत नाही. प्राध्यापकांना निदान कळत नाही, फक्त सोय कळते. "लोक काय म्हणतील" या धास्तीने घरच्यांनी अडवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. लोकांना कळायला वावच नसतो.

पुस्तकं आणि कॅल्क्युलेटर महाग आहेत.

वर्गांच्या वेळापत्रकात शून्य पुस्तकखर्चाची खूण असते, ती बघून वर्ग निवडा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्रीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. यूसी डेव्हिसमधून सुरू झालेलं लिब्रेटेक्स्ट्सही केमिस्ट्रीला उत्तम आहे. टीआय-८४ कॅल्क्युलेटर लायब्ररीतून उसना मिळतो, मात्र टर्मच्या पहिल्या दोन दिवसांतच गाठा. घेण्याआधी प्राध्यापकांना विचारा, काहीजण परीक्षेत कॅल्क्युलेटरच चालू देत नाहीत.

एआयकडून गृहपाठ करून घेतला तर?

कळत नाही असं समजू नका. वर्गात कधी न शिकवलेल्या पद्धतीने सोडवलेलं गणित लगेच डोळ्यांत भरतं. त्याहून वाईट म्हणजे गृहपाठाला शंभर टक्के आणि मिडटर्मला बत्तीस. गृहपाठाचं वजन एकूण ग्रेडमध्ये कमी असतं. एका अडलेल्या पायरीचं स्पष्टीकरण मागायला बहुतेक प्राध्यापकांची हरकत नसते, पण प्रत्येकाचा नियम सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो, तो वाचा. घरी दिलेल्या परीक्षेच्या गणितांना सेंटरमधले ट्यूटरही हात लावत नाहीत.

पहिली मिडटर्म गेली. सोडू का?

आधी सिलॅबस काढून हिशोब करा. काही प्राध्यापक सर्वांत कमी मार्कांची परीक्षा वगळतात, काहीजण फायनलचे मार्क तिच्या जागी धरतात. हा हिशोब मांडायला सेंटरमध्ये कुणीही मदत करेल. मिडटर्मची उत्तरपत्रिका घेऊन प्राध्यापकांकडे जा आणि मार्क वाढवायचा विषय काढू नका, "पुढच्या वेळी मी काय वेगळं करू?" एवढंच विचारा.

सोडायचंच असेल तर तारखा पाळा. सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांत सोडलं तर काहीच नोंद राहत नाही. त्यानंतर साधारण पाऊण टर्मपर्यंत सोडलं तर 'डब्ल्यू' लागतो. डब्ल्यूने जीपीए खाली येत नाही, पण तो एक प्रयत्न म्हणून मोजला जातो आणि एका कॉलेजात एकाच कोर्सला सर्वसाधारणपणे तीनच प्रयत्न मिळतात. एफ-१ वाल्यांनी बारा युनिटांखाली जाण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय एकही बटण दाबू नये. व्हिसा पणाला लागतो. एच-४ वाल्यांना ही बारा युनिटांची अट नाही.

यूसीला जायचंय. गणित-विज्ञानाचे कोणते वर्ग घेऊ?

असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट उघडा, आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि शाखा निवडा. तुमचा कोणता कोर्स तिकडे कशाच्या बदल्यात धरला जाईल याचा करारच समोर येतो. मित्राच्या सांगण्यावरून वर्ग घेऊ नका. एकाच कॉम्प्युटर सायन्ससाठी दोन यूसींच्या अटी वेगळ्या असतात. टॅग नावाची प्रवेशाची हमी सहा यूसी देतात : डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. काही मागणीच्या शाखाही वगळलेल्या असतात. टॅगचा अर्ज सप्टेंबरच्या शेवटापर्यंत करायचा असतो, म्हणून काउन्सेलरची भेट उन्हाळ्यातच घ्या. सप्टेंबरात त्यांची वेळ मिळणं कठीण असतं.

मला कॅल्क्युलसमध्ये ए मिळालं. मी स्वतः ट्यूटर होऊ शकते का?

होऊ शकता, प्राध्यापकांची शिफारस आणि छोटं प्रशिक्षण लागतं. एफ-१ वर असाल तर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. एच-४ वर वर्क परमिट नसेल तर पगारी काम करता येत नाही. "मग फुकट शिकवते" असं परस्पर ठरवू नका, कारण ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते विनामोबदला केलं तरी इमिग्रेशनच्या नजरेत अडचण होऊ शकते. वकिलाला विचारा. परमिट असलेल्यांनी टर्म संपायच्या आत सेंटरच्या प्रमुखांना भेटावं. बऱ्याच ठिकाणी पुढच्या टर्मचे ट्यूटर आदल्या टर्मच्या अखेरीस ठरतात, आणि फिजिक्सला माणसं नेहमीच कमी असतात.